मसुरीच्या डोंगरावरून शुक्राचे अधिक्रमण

९ डिसेंबर १८७४ च्या सकाळी, सूर्य उगवून थोडाच अवधी लोटला असता, शुक्राचा काळा ठिपका सूर्यबिंबात शिरू लागला. मसुरीच्या डोंगरावर, सुमारे पावणेसात हजार फूट उंचीवर, सर्वेक्षण खात्याचे हेनेसी दुर्बीण लावून बसले होते. तेथील हवा विरळ. सारे मोल होते ते क्षणाच्या अचूक नोंदीला. पृथ्वीवरील दूरदूरच्या ठिकाणांच्या अशा नोंदी ताडून सूर्याचे अंतर काढावयाचे होते. परंतु शुक्र सूर्याच्या कडेपासून सुटताना मध्ये काळा धागा ताणल्यासारखा भासतो, आणि शेजारी बसलेल्या दोघांच्या वेळाही जुळत नाहीत! चुकले तर? १८८२ चे अधिक्रमण भारतातून दिसणारच नव्हते. येथून पुढचे दिसले ते २००४ साली.