विश्लेषण : जमिनीवरच्या टोपलीत पिकणारी द्राक्षे… सँटोरिनीची ‘असिर्तिको’ संकटात का?

निळ्या घुमटांची चर्च आणि कड्यावरची पांढरी घरे यांमुळे ग्रीसचे सँटोरिनी बेट जगभरच्या मोबाइलच्या पडद्यावर पोहोचले आहे. त्या घरांच्या मागच्या बाजूला, राखाडी मातीत गुडघ्याएवढ्या उंचीच्या हिरव्या टोपल्या ठेवल्यासारख्या दिसतात. त्या टोपल्या म्हणजेच तिथल्या द्राक्षबागा. त्यांत पिकणाऱ्या ‘असिर्तिको’ या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनला आज कधी नव्हे एवढी मागणी आणि कधी नव्हे एवढा भाव आहे. तरीही बेटावरच्या बागा कमी होत चालल्या आहेत.

असिर्तिकोचे वेगळेपण काय?

असिर्तिको ही एजियन समुद्रातल्या सँटोरिनी (ग्रीक नाव थिरा) बेटाची मूळची जात मानली जाते. द्राक्ष जसजसे पिकते तसतशी त्यातली साखर वाढते आणि आम्लता उतरते, हा सर्वसाधारण नियम. उष्ण प्रदेशात तर आम्लता फारच झपाट्याने उतरते आणि वाइन बेचव, पाणचट लागते. असिर्तिको या नियमाला बरीचशी अपवाद आहे. भर उन्हाळ्यात पूर्ण पिकली, साखर भरपूर भरली, तरी तिच्यातले टार्टारिक आम्ल टिकून राहते. (चिंचेला आंबटपणा देणारे आम्ल हेच.) बेटाच्या मातीत पोटॅशियम कमी असते, त्याचाही आम्लता टिकण्यास हातभार लागतो. त्यामुळे या द्राक्षाची वाइन कडक असूनही चवीला धारदार राहते. तापमानवाढीने हैराण झालेले जगभरचे वाइन उत्पादक या जातीकडे डोळे लावून बसले आहेत, ते याच गुणामुळे.

‘सँटोरिनी’ या नावाच्या वाइनला १९७१ पासून कायदेशीर संरक्षण आहे. नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन आहे, त्याच धर्तीचे. हे नाव लावायचे तर द्राक्ष तिथल्याच मातीतले हवे. त्यात मुख्य वाटा असिर्तिकोचा, जोडीला अथिरी आणि आयदानी या स्थानिक जाती. हीच द्राक्षे उन्हात वाळवून ‘विनसांतो’ ही गोड वाइन करतात. एकेकाळी ती जहाजांनी रशियात जाई, तिथल्या चर्चमधल्या विधींसाठी.

वेलीची टोपली कशासाठी?

आपल्याकडे द्राक्षवेल म्हटले की मांडव किंवा वाय आकाराच्या तारा डोळ्यांसमोर येतात. वेल वर चढवायची, पानांना ऊन आणि घडांना वारा मिळू द्यायचा, हे तंत्र. सँटोरिनीत नेमके उलटे करावे लागते. उन्हाळ्यात एजियन समुद्रावरून ‘मेल्तेमी’ नावाचा जोरदार उत्तरी वारा वाहतो. बेटावर त्याला अडवणारी झाडी जवळपास नाही. वाऱ्याबरोबर ज्वालामुखीची बारीक राख आणि वाळू उडते. वेल तारेवर चढवली तर कोवळे फुटवे मोडतात, फुलोरा झडतो, मणी खरचटतात.

म्हणून शेतकऱ्यांनी वेल जमिनीवरच ठेवली. हिवाळ्यात छाटणी करताना मोजक्या काड्या राखायच्या आणि त्या एकमेकींत गुंफत गोल वळवायच्या. पुढच्या वर्षीच्या काड्या त्याच कड्यावर विणायच्या. वर्षामागून वर्षे हे केले की जाडजूड लाकडी टोपली तयार होते. तिला ‘कुलुरा’ म्हणतात. घड टोपलीच्या आत, पानांच्या सावलीत लोंबतात. वारा आणि ऊन बाहेरच्या बाहेर. कोणती काडी ठेवायची, किती डोळे राखायचे, ती न मोडता किती वळेल, हे हातालाच कळते. या कामाला यंत्र नाही. तोडणीलाही नाही, ती गुडघ्यांवर बसून, टोपलीत हात घालून करावी लागते.

पाणी कुठून येते?

सँटोरिनीत वर्षाला सरासरी तीनशे ते साडेतीनशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक हिवाळ्यात. तुलनेसाठी, आपण ज्याला दुष्काळी म्हणतो त्या सोलापूर जिल्ह्यात सरासरी पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. बेटावर नदी नाही. पिण्याच्या पाण्यासाठीही समुद्राचे खारे पाणी गोडे करावे लागते. बागा परंपरेने पूर्णपणे कोरडवाहू आहेत.

मग वेल जगते कशी, याचे उत्तर मातीत आहे. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. बेटाचा मध्यभाग समुद्रात कोसळला आणि उरलेल्या भागावर राख, लाव्हा आणि प्युमिस या सच्छिद्र, हलक्या दगडाचे थर बसले. या मातीला तिथे ‘आस्पा’ म्हणतात. रात्री समुद्रावरून दमट धुके चढते. प्युमिस स्पंजासारखा हा ओलावा आणि हिवाळ्यातला पाऊस धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. मुळे खोल जातात. दोन वेलींमध्ये अंतरही भरपूर सोडलेले असते, म्हणजे एकीच्या तोंडचे पाणी दुसरीने पळवायला नको. अर्थात अशा बागेत एकरी उतारा फारच कमी. नाशिकच्या बागायतदाराला तो ऐकून हसू येईल.

मुळे शेकडो वर्षांची, हे खरे?

हो, आणि त्यामागे एक किडा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘फायलोक्झेरा’ ही मुळांतला रस शोषणारी कीड अमेरिकेतून युरोपात आली आणि तिने तिथल्या बागा साफ केल्या. उपाय सापडला तो कलमाचा : कीड सोसणाऱ्या अमेरिकी वेलीचा खुंट, वर युरोपीय वाण. आज युरोपातल्या बहुतांश बागा अशा कलमी आहेत. (महाराष्ट्रातही ‘डॉगरीज’सारख्या खुंटावर कलम करतात, पण कारण वेगळे. इथे झगडा क्षारांशी आणि पाणीटंचाईशी.) सँटोरिनीच्या मातीत चिकणमाती जवळपास नाही. अशा भुसभुशीत राखेत ही कीड तग धरू शकत नाही. त्यामुळे बेटावरची वेल आजही स्वतःच्याच मुळांवर उभी आहे.

याचे दोन फायदे होतात. मधली एखादी वेल मेली, तर शेजारच्या वेलीची लांब काडी जमिनीत गाडून तिथे नवी वेल करता येते. आपले दाब कलमच. दुसरा फायदा टोपलीचा. टोपली दरवर्षी वाढत जाते, तसा मुळापासून घडापर्यंतचा रसाचा प्रवास लांबतो. साधारण सत्तर-ऐंशी वर्षांनी उतारा इतका घटतो की शेतकरी अख्खी टोपली जमिनीलगत कापून टाकतो. जुन्या मुळांतून नवा कोंब फुटतो आणि त्याची टोपली पुन्हा पहिल्यापासून विणायला घेतात. एकाच मुळावर अशा तीन-चार टोपल्या होऊन गेल्या असतील, तर मुळाचे वय सहज दोन-तीनशे वर्षे भरते. वरची वेल तरुण आणि मूळ पणजोबांच्याही आधीचे, असा हा मामला.

मग घसरण कशामुळे?

आधी हवामान. हिवाळ्यातला पाऊस हेच या शेतीचे वर्षभराचे भांडवल. तो कमी पडू लागला आहे. २०२३-२४ चा हिवाळा ग्रीसमध्ये नोंदींतला सर्वांत उबदार ठरला आणि त्यामागून आलेला २०२४ चा उन्हाळा सर्वांत उष्ण. २०२३ आणि २०२४ या सलग दोन हंगामांत सँटोरिनीचे द्राक्ष उत्पादन कोसळले. कोरडवाहू वेल एक वाईट वर्ष सोसते. ओळीने दोन-तीन वर्षे आली की ती काड्याच कमी काढते आणि त्याचा फटका पुढच्या हंगामालाही बसतो.

पण हवामानावर सगळे ढकलून मोकळे होता येणार नाही. घसरण त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली. जुलै १९५६ मधल्या मोठ्या भूकंपानंतर अनेक कुटुंबांनी बेट सोडले आणि बऱ्याच बागा पडीक झाल्या. पुढे पर्यटन आले. बेटाची कायम लोकसंख्या साडेपंधरा हजारांच्या आसपास आणि २०२३ मध्ये येऊन गेलेले पर्यटक सुमारे ३४ लाख. क्रूझ जहाजांमधून उतरणाऱ्यांवर २०२५ पासून दिवसाला आठ हजारांची मर्यादा घालावी लागली, यावरून गर्दीचा अंदाज यावा. एकेकाळी कित्येक हजार हेक्टरांवर असलेली द्राक्षशेती आज हजार-बाराशे हेक्टरांच्या आसपास उरली आहे. बांधकामे सपाट पूर्व भागातल्या बागांच्या मधोमध शिरली. राखेच्या थरात खोदलेली वाइनची जुनी तळघरे, ज्यांना ‘कानाव्हा’ म्हणतात, त्यांपैकी अनेकांची आता आलिशान हॉटेले झाली आहेत.

भाव वाढला, तरी शेतकरी का टिकत नाही?

असिर्तिकोचा भाव गेल्या दहा वर्षांत कित्येक पटींनी वाढला असून ती आज ग्रीसमधल्या सर्वांत महागड्या वाइन-द्राक्षांत गणली जाते. मात्र पीकच हाती येत नसेल, तर भावाचा उपयोग मर्यादित. बागेचे तुकडे छोटे, वारसांत वाटले गेलेले. त्याच तुकड्यावर चार खोल्या बांधल्या तर एका उन्हाळ्यात मिळणारे भाडे कोणत्याही द्राक्षाला देता येणार नाही.

मजुरांचा प्रश्न तर आणखी अवघड. सँटोरिनीत तोडणी ऑगस्टमध्येच सुरू होते, युरोपात सर्वांत आधी होणाऱ्या तोडण्यांपैकी ती एक. ऑगस्ट म्हणजे पर्यटनाचाही ऐन हंगाम. सावलीत उभे राहून हॉटेलात पगार मिळत असताना उन्हात गुडघे टेकून घड तोडायला कोण येणार? छाटणी हिवाळ्यात होते, तेव्हा हॉटेले बंद असतात, एवढाच काय तो दिलासा. परंतु टोपली विणता येणारे हात म्हातारे झाले आहेत आणि हे काम वर्ष-सहा महिन्यांत शिकण्याजोगे नाही.

जात जगभर पोहोचली, मग काळजी कसली?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात. असिर्तिको या जातीला धोका नाही. ती ग्रीसच्या मुख्य भूमीवर आणि इतर बेटांवर केव्हाच पसरली. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीतील जिम बॅरी वाइन्सच्या पीटर बॅरी यांनी २००६ मध्ये सँटोरिनीत तिची चव घेतली, काड्या मायदेशी नेल्या, विलगीकरणाचे सोपस्कार पार पाडले आणि २०१६ च्या हंगामाची वाइन बाजारात आणली. दक्षिण आफ्रिका आणि इटलीतही तिची लागवड झाली आहे. बहुतेक ठिकाणी तारेवर, सरळ रांगांत.

धोका आहे तो बेटावरच्या शेतीला : स्वतःच्या मुळांवरची जुनी वेल, विणलेली टोपली आणि विनापाण्याचे पीक. यातले काहीही काडीबरोबर पार्सल करता येत नाही. काडीतून वाण जाते. दोनशे वर्षांचे मूळ आणि ते सांभाळण्याची रीत मागेच राहते.

बेटावर आता काय चालले आहे?

काही उत्पादकांनी तारेवरच्या रांगा आणि ठिबक सिंचन यांचे प्रयोग सुरू केले आहेत. रांगेत काम झटपट होते, मजूर कमी लागतात. वाऱ्याचा मार मात्र सोसावा लागतो. ठिबकाला परंपरावाद्यांचा विरोध आहे, कारण पाणी मिळाले की मुळे वरच्या वर राहतील आणि वाइनची ओळख बदलेल, अशी त्यांना भीती वाटते. भीती अगदीच निराधार नाही. पण सुकून मेलेल्या वेलीची ओळख टिकवून काय साधणार, हा दुसऱ्या बाजूचा सवालही तितकाच रोखठोक आहे. त्यातून ठिबकाला पाणी आणायचे कुठून, हा पेच सुटत नाही. गोडे केलेले पाणी महाग, आणि उन्हाळ्यात त्यावर पहिला हक्क हॉटेलांचा.

मोठ्या वाइनरी जमिनी विकत किंवा भाडेपट्ट्याने घेऊन नव्या लागवडी करत आहेत. कोरडवाहू वेलीला बऱ्यापैकी पीक येण्यास कित्येक वर्षे लागतात. आज लावलेल्या काडीची पूर्ण टोपली व्हायला त्याहून बराच काळ जाईल, आणि तोवर दर हिवाळ्यात ती वळवायला कुणीतरी बागेत असावे लागेल.