मायबाप सरकार आणि संपावर गेलेलं लेकरू

‘सत्ता आणि शहाणपण’ : लेखांक ६

तहसील कचेरीतल्या अर्जापासून मोर्चातल्या भाषणापर्यंत आपल्याकडे एक संबोधन हमखास येतं : ‘मायबाप सरकार’. ते खास आपल्या मातीतलं, असं आपण धरून चालतो. पण जुन्या चीनमध्येही जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला लोक नेमकं हेच म्हणत, ‘मायबाप अधिकारी’. या संबोधनाला बळ दिलं ते कन्फ्यूशियसच्या (इ.स.पू. ५५१–४७९) परंपरेने. राज्य म्हणजे मोठं घर आणि राज्यकर्ता म्हणजे घरातला कर्ता. त्याची वागणूक नीट तर घर नीट. गेल्या आठवड्यात आपण हे घर कर्त्याच्या बाजूने पाहिलं. आज लेकरांच्या बाजूने पाहू, आणि त्यासाठी आधी पुणतांब्याला जाऊ.

राहाता तालुक्यातलं हे गोदाकाठचं गाव वारकऱ्यांना चांगदेवांच्या समाधीमुळे पूर्वीपासून ठाऊक. बाकीच्या महाराष्ट्राच्या तोंडी ते आलं २०१७ मध्ये. त्या वर्षी एप्रिलमध्ये ग्रामसभेने ठराव केला : १ जूनपासून शेतकऱ्यांनी संपावर जायचं. दूध, भाजीपाला शहराकडे पाठवायचा नाही आणि खरिपात पेरायचं ते घरापुरतं. सातबारा कोरा करा, स्वामिनाथन आयोगाने सांगितल्याप्रमाणे उत्पादनखर्चावर पन्नास टक्के धरून हमीभाव द्या, या मुख्य मागण्या. ठरल्या दिवशी संप सुरू झाला आणि बघता बघता राज्यभर पसरला. रस्त्यांवर दूध ओतलं गेलं, शहरांतल्या बाजारांत आवक घटली.

मायबापापुढे लेकरू रडतं, रुसतं, फार तर जेवणार नाही म्हणतं. पण ‘आमच्यावाचून तुमचं कसं चालतं ते बघू’ असं म्हणायला बरोबरीचं नातं लागतं. कन्फ्यूशियसच्या घरात असल्या लेकराला जागा आहे का?

आपल्याला वाटते त्याहून जास्त आहे. त्याच्यानंतर शतकभराने जन्मलेला मेन्शियस तर थेट उतरंडच उलटी लावतो : आधी प्रजा, मग भूमी-धान्याची दैवतं, सगळ्यात शेवटी राजा. ऐन हंगामात शेतकऱ्याला वेठीला धरू नका, असं तो राजांना बजावतो. पोटापाण्याची शाश्वती नसलेल्या माणसाकडून सचोटीची अपेक्षा करायची आणि तो घसरला की शिक्षा करायची, हे त्याच्या लेखी लोकांसाठी जाळं लावून बसण्यासारखं आहे. पितृभक्तीवरच्या त्या परंपरेतल्या ग्रंथातही, बाप चुकत असेल तर त्याच्याशी वाद घालणं हे मुलाचं कर्तव्य मानलं आहे. म्हणजे मान खाली घालून ‘होय जी’ म्हणणं ही काही कन्फ्यूशियसची शिकवण नव्हे.

या शिकवणीत मुरलेला राजा काय करू शकतो? कोरियाचा सेजोंग पाहा. तिथे अधिकारी शेतावर येऊन पीक बघत आणि त्यावर महसूल ठरवत. आणेवारीवरून होणारे वाद ज्यांनी पाहिलेत त्यांना यातली गोम वेगळी सांगायला नको. सेजोंगला ठरावीक दर लावायचा होता. १४३० मध्ये त्याने बड्या अधिकाऱ्यांपासून साध्या शेतकऱ्यांपर्यंत सगळ्यांचा कौल घेतला. बाजूने ९८,६५७, विरोधात ७४,१४९. बहुमत हाती आलं, तरी त्याने घाई केली नाही. सुपीक दक्षिणेचा होकार होता, हलक्या जमिनीच्या उत्तरेचा नकार. तो नकार त्याने मोजून बाजूला टाकला नाही. जमिनीच्या सहा प्रती आणि सालाच्या नऊ प्रती पाडून नवी पद्धत आली, ती १४४४ मध्ये.

बहुमत मिळूनही हरलेल्यांचं ऐकत चौदा वर्षं घालवणारा हा राजा आजच्या कुठल्याही विधिमंडळाला धडा देईल. पण त्याने विचारलं, ते त्याच्या मर्जीने. त्याच्या गादीवर बसणाऱ्याने विचारलंच नसतं, तर त्याला विचारायला लावायची सोय शेतकऱ्याकडे नव्हती. जुलमी राजाने ‘स्वर्गाचा आदेश’ गमावलेला असतो, असं ही परंपरा सांगते. मात्र तो गमावला हे सिद्ध व्हायचं बंडाने, रक्त सांडून. ग्रामसभेचं मोल इथे कळतं. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून तिला घटनेतच जागा मिळाली आणि राज्याच्या कायद्याने ती घ्यावीच लागते, मग सरपंच भला असो वा नसो.

हाच वाद १९९४ मध्ये जगापुढे आला. पूर्व आशियाची घडण वेगळी, पाश्चात्त्य लोकशाही तिथे जशीच्या तशी रुजणार नाही, असं सिंगापूरचे ली क्वान यू एका अमेरिकी नियतकालिकातल्या मुलाखतीत म्हणाले. त्याच नियतकालिकात दक्षिण कोरियाच्या किम दे-जुंग यांनी उत्तर दिलं, तेही मेन्शियसचाच दाखला देऊन : वाईट राज्यकर्त्याला दूर करण्याचा लोकांचा हक्क युरोपच्या कितीतरी आधी आमच्याकडे मांडला गेला आहे. किम यांना १९८० मध्ये लष्करी राजवटीने फाशीची शिक्षा सुनावली होती. १९९७ ची निवडणूक जिंकून ते राष्ट्राध्यक्ष झाले.

मग मतपेटी आली की कन्फ्यूशियसचं काम संपलं का? त्याच्या एका शिष्याने, झीगोंगने, राज्याला काय काय लागतं असं विचारलं होतं. धान्य, शस्त्रं आणि लोकांचा विश्वास, असं गुरूने सांगितलं. त्यातलं काही सोडावंच लागलं तर आधी शस्त्रं, मग धान्य. विश्वास मात्र शेवटपर्यंत नाही. पुणतांब्याचा संप नेमका या जागी अडखळला. २ जूनच्या रात्री मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानी संपाच्या कोअर कमिटीतल्या प्रतिनिधींशी बोलणी झाली आणि ३ च्या पहाटे संप मागे घेतल्याचं जाहीर झालं. ठराव भर ग्रामसभेतला, तडजोड बंद दाराआडची. विश्वासघाताची ओरड झाली आणि नाशिकच्या बाजूने संप चालूच राहिला. ११ जूनला सरकारने कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली, २४ जूनला ३४,०२२ कोटी रुपयांची योजना जाहीर केली. मर्यादा दीड लाख रुपयांची.

मे २०२२ मध्ये पुणतांब्याची ग्रामसभा पुन्हा बसली आणि १ जूनपासून गावात धरणं सुरू झालं. या वेळी ऊस, कांदा, दूध आणि दिवसा वीज. मंत्रालयात तोवर दुसरं सरकार आलेलं होतं. राज्यकर्ता बदलण्याची जी सोय मेन्शियसला सुचली नाही ती या गावाकडे होती आणि ती वापरूनही झाली होती. झीगोंगला मिळालेलं उत्तर मात्र गावाला अजून कुठल्याच सरकारकडून मिळायचं होतं.

पुढच्या आठवड्यात : राज्य शिकलेल्यांनीच करावं का? १९०५ पर्यंत चाललेली चीनची राजपरीक्षा आणि आपल्याकडची २०१७ ची ‘सातवी पास’ सरपंचाची अट. कोवळ्या मुक्ताबाईला गुरू करणाऱ्या वयोवृद्ध चांगदेवांचं गाव त्या वेळीही आठवावं लागेल.