कोरसमध्ये घडलेला कान

१४ एप्रिल आला की आमच्या हिंगोली जिल्ह्यात गावोगावी भीमगीतांचे कार्यक्रम होतात. लहानपणी मीही गावच्या गायन पार्टीत कोरसला बसत असे. पेटी, ढोलकी, लोकांची गडबड. एवढ्या गोंगाटातही मुख्य गायकाने सोडलेली ओळ आम्ही अचूक उचलत असू. आज कचेरीच्या खिडकीशी दहा जण एकदम बोलू लागले की त्यातून एकाचे नाव नीट ऐकावे लागते. तेव्हा मनात येते, त्या कोरसनेच माझा कान घडवला काय?

शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नीना क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली तीसेक तरुणांची तपासणी केली. लहानपणापासून वाद्य शिकलेल्यांना गोंगाटातील वाक्ये इतरांपेक्षा चांगली समजली. पुढे २०१४ साली त्यांनी लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांतील मुले तपासली. 'बा' आणि 'गा' यांतला फरक दोन वर्षे संगीत शिकलेल्या मुलांचा मेंदू अधिक स्पष्टपणे टिपू लागला. एका वर्षाने मात्र तो बदल दिसला नाही. आवाज कान घेतो, पण 'बाळ' की 'गाळ' हे मेंदू ठरवतो.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सहा प्रयोगशाळांनी मिळून अडीचशेहून अधिक लोकांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. आवाज मेंदूत शिरतानाच्या पहिल्या टप्प्यात संगीत शिकलेल्यांचा काही विशेष फायदा त्यांना आढळला नाही. तेव्हा गाणे म्हणजे कानावरचे औषध, असे कोणी समजू नये. मूल हाकेला ओ देत नसेल, उशिरा बोलत असेल, तर आधी त्याचे कान तपासून घ्यावेत.

एका गोष्टीबद्दल मात्र वाद नाही. आतल्या कानातील नाजूक केसपेशी मोठ्या आवाजाने एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास ही सुरक्षिततेची मर्यादा मानतात. १०० डेसिबलला ती अवघ्या १५ मिनिटांवर येते. डीजेच्या भिंतीपुढे मुले रात्रभर नाचतात, तेव्हा हा हिशेब कोण करतो?

माता-पित्यांनो, मुलांच्या हाती ढोलकी द्या, पेटी द्या, त्यांना कोरसला बसवा. गाणे ऐकायला शिकवते. पण ज्या कानाने ते शिकायचे, तो कान आधी शाबूत ठेवा.