पावसाचा दिवस साडेआठला उजाडतो

आज सकाळपासून पुण्यातला पाऊस खोडी काढतोय. छत्री उघडली की थांबतो, मिटली की येतो. जुलैचा शेवटचा आठवडा, म्हणजे पंचांगात पुष्य नक्षत्र. आधीच्या पुनर्वसूचा पाऊस तो 'तरणा' आणि पुष्याचा तो 'म्हातारा', असं खेड्यापाड्यांतून म्हणतात. आजचा खरंच म्हातारा वाटतो. जरा चालतो, जरा टेकतो.

आमच्या शेजारी पाचवीतली एक मुलगी राहते. ती पेपर हातात नाचवत आली. "यात लिहिलंय, चोवीस तासांत ७ मिमी पाऊस. ७ मिलिमीटर म्हणजे पट्टीवरच्या सात बारीक रेघा! आणि काल माझं दप्तर आतल्या डब्यासकट भिजलं. आणि मुळात पाऊस पट्टीने कसा मोजतात? पट्टी धरतात कुठे?"

प्रश्न फक्कड आहे. दूध लिटरने मोजतो, मग पाऊस मिलिमीटरने का?

समजा, तुमच्या गच्चीवर पडलेला पाऊस कुठेच गेला नाही. वाहिला नाही, जिरला नाही, वाफ होऊन उडाला नाही. जिथे पडला तिथेच उभा राहिला. त्या पाण्याची जी उंची भरेल तेवढा पाऊस पडला, असं धरतात. आता एक गंमत करा. सरळ उभ्या कडांचं एक मोठं पातेलं आणि तसाच एक छोटा डबा शेजारी शेजारी पावसात ठेवा. पाणी कशात जास्त जमेल? पातेल्यात. पण पाण्याची उंची? दोन्हींत सारखीच! पातेल्याचं तोंड मोठं म्हणून त्यात थेंब जास्त पडतात, पण त्यांना पसरायला जागाही तेवढीच मोठी मिळते. म्हणून भांडं कितीही लहानमोठं असो, उंची मोजली की भांडण मिटतं. लिटरने मोजत बसलो असतो, तर प्रत्येकाने आपापल्या भांड्याचा वेगळाच आकडा सांगितला असता.

आणि ७ मिमीला हसू नका. एक चौरस मीटर जागेवर १ मिमी पाऊस पडला, तर ते पाणी बरोबर १ लिटर भरतं. गच्ची १०० चौरस मीटरची असेल, तर ७ मिमी म्हणजे ७०० लिटर! त्यातलं थोडं दप्तरात जाणारच.

हवामान खात्याचं पर्जन्यमापक म्हणजे दिसायला साधं नळकांडं. वर धारदार काठाचं गोल तोंड, आत नरसाळं, खाली बाटली. तोंडाचं क्षेत्रफळ ठरलेलं असतं, १०० किंवा २०० चौरस सेंटिमीटर. काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच, म्हणजे जमिनीवर आपटलेले थेंब उडून आत जात नाहीत. काठ धारदार का, तर थेंब नेमका काठावर पडला, तर तो आतला की बाहेरचा याचा निकाल लागायला हवा. नरसाळ्यामुळे बाटलीतलं पाणी उन्हाने फारसं उडत नाही. झाडाखाली किंवा भिंतीला चिकटून हे यंत्र कधीच ठेवत नाहीत.

खरी मौज पुढे आहे. बाटलीतलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजतात. म्हणजे पावसाचा दिवस रात्री बारा वाजता बदलत नाही, तो सकाळी साडेआठला बदलतो! आपल्याकडे साडेआठ वाजतात, तेव्हा इंग्लंडमधल्या ग्रिनिचच्या वेळेनुसार पहाटेचे बरोबर तीन वाजलेले असतात. जगभरातल्या वेधशाळा ग्रिनिचच्या ठरावीक तासांना एकाच वेळी नोंदी घेतात, त्यातलाच हा एक तास. म्हणून साडेआठचा हट्ट. माझं मत विचाराल, तर शाळेचीही तारीख साडेआठलाच बदलायला हरकत नव्हती. गृहपाठाला रात्रभर सवलत मिळाली असती.

मुंबईचा २६ जुलै २००५ हा दिवस तुमच्या आईबाबांना विचारा. दुपारनंतर पाऊस कोसळायला लागला आणि २७ तारखेच्या सकाळी साडेआठला सांताक्रूझच्या वेधशाळेत आकडा लिहिला गेला: ९४४ मिमी. एका दिवसात! तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण तेवढीच असते. आपल्या १०० चौरस मीटरच्या गच्चीचा हिशेब केला, तर ९४,४०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर भरून वर उरलंच. आणि त्याच दिवशी, त्याच मुंबईत, वीसपंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला? सत्तरपंचाहत्तर मिमी. २६ जुलै म्हणजे पुष्य नक्षत्रच बरं का. म्हाताऱ्याने त्या दिवशी कुणाचं ऐकलं नाही.

म्हणून 'मुंबईत इतका पाऊस पडला' असं कुणी म्हणालं की विचारायचं, 'मुंबईत कुठे?' पुण्यातही तेच. शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव यांचे आकडे वेगवेगळे येतात. डोंगर मध्ये आला की विचारायलाच नको. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिमीहून जास्त पाऊस पडतो. तिथून पाचगणी वीसेक किलोमीटरवर, पण पाऊस निम्म्याहूनही कमी. समुद्राकडून येणारे ढग सह्याद्री चढताना गार होतात आणि तिथेच रिते होतात. पूर्वेकडे उरतं ते थोडंसंच.

जागा बदलली की पाऊस बदलतो, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्र' या प्राचीन ग्रंथात सांगितलंय, की सरकारी कोठारात एक अरत्नी रुंद तोंडाचं कुंड पाऊस मोजायला ठेवावं. अरत्नी म्हणजे साधारण कोपरापासून बोटांपर्यंतचा हात. तिथे पाऊस 'द्रोण' या मापाने मोजलाय आणि कुठल्या प्रदेशात किती, हेही दिलंय. अवंती, म्हणजे उज्जैनकडचा भाग, २३ द्रोण. गोदावरीकाठचा अश्मक देश, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या बाजूचा मुलूख, १३॥ द्रोण. आणि अपरान्त, म्हणजे आपलं कोकण? तिथे आकडाच नाही. 'अमित' लिहून ग्रंथकार मोकळे झालेत! किती पाऊस पडतो ते कळल्यावर पेरणी कधी आणि कशाची करायची, ते ठरवता येई. कोरियातही राजा सेजोंगच्या काळात, १४४१ साली, पाऊस मोजायची भांडी तयार झाली आणि ती गावोगावी धाडली गेली.

आपल्याकडे हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. त्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून १९२८ साली पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या मनोऱ्याच्या दगडी इमारतीला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. मुख्य कार्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव मात्र इथेच राहिलं. १९४८ साली याच पुण्यात अण्णा मणी नावाच्या शास्त्रज्ञ बाई रुजू झाल्या. नावावरून फसू नका, त्या केरळच्या. तोवर हवामानाची बरीच उपकरणं परदेशातून यायची. त्यांनी शंभराच्या आसपास उपकरणांचे नकाशे पक्के करून ती इथेच बनवायची सोय केली. माझ्या मते पुण्यातल्या एखाद्या चौकाला त्यांचं नाव शोभून दिसेल.

आता तुमचं काम. प्लास्टिकची सरळ कडांची बाटली घ्या. मोठ्यांच्या मदतीने वरचा निमुळता भाग कापा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यात बसवा. तळ खाचाखोचांचा असतो, म्हणून आत खडे घाला आणि ते बुडेपर्यंत पाणी ओता. त्या पाण्याच्या पातळीवर शून्याची खूण करा आणि तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली वाऱ्याने पडणार नाही अशी, गच्चीत किंवा अंगणात उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला आकडा वहीत लिहा आणि पाणी पुन्हा शून्यावर आणा. शाळा सकाळची असेल तर आजीला कामाला लावा. आपल्या आकड्याशेजारी पेपरातला आकडा लिहायला विसरू नका. ते दोन्ही जुळले नाहीत, तर रागावू नका, तुमच्या गल्लीचा पाऊस तुमचाच.

एक नियम मात्र पाळायचा. हवामान खातं २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, तरच तो 'पावसाळी दिवस' मानतं. बाटलीत २ मिमीच भरला असेल, तर तो दिवस त्यात धरायचा नाही. मग तुम्ही कितीही भिजलेला असा!