निद्राकालीन लालास्राव : कफवृद्धी की गिळण्यातील मांद्य?

'रात्री उशी भिजते' ही तक्रार रुग्ण सहसा स्वतः सांगत नाही. गिरगाव-लालबागच्या दवाखान्यांत ती बहुधा सोबत आलेल्या मुलाकडून वा सुनेकडून कळते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील विसाव्या अध्यायात मुखस्रावाची गणना 20 कफज नानात्मज विकारांत केली आहे. साहजिकच चिकित्सकाचा हात रूक्ष, कफघ्न औषधांकडे जातो. परंतु प्रत्येक लालास्राव कफवृद्धीनेच होतो, असे मानणे योग्य नव्हे.

प्रौढ माणसात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. झोपेत तिची निर्मिती अत्यल्प होते आणि गिळण्याची क्रियाही विरळ होते. म्हणून लाळ वाढली आहे की गिळली जात नाही, हा निर्णय प्रथम करावा.

नासावरोध, लहान मुलांतील वाढलेले अ‍ॅडेनॉइड्स आणि घोरण्यासह होणारा निद्राश्वासरोध यांत तोंड उघडे राहून लाळ ओघळते. अम्लपित्त, दंतरोग, कृमी व गर्भावस्था यांत स्राव खरोखर वाढू शकतो. क्लोझापिनसारख्या मानसरोगावरील औषधांनीही तो होतो. रसकल्पांचे दीर्घ सेवन चालू असल्यास पारदविषबाधा विसरू नये.

कंपवातात मात्र लाळ बहुधा वाढलेली नसते. गिळणे मंदावलेले असते. अन्नप्रवेश हे प्राणवायूचे कर्म आहे, हे येथे स्मरावे. अशा वृद्धास केवळ शोषक औषधे दिल्याने मूळ व्याधी तशीच राहते.

या व्याधीच्या चिकित्सेत दादरचे नाव आदराने घ्यावे लागते. कपिकच्छूच्या, म्हणजे खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असल्याचे 1937 मध्ये सिद्ध झाले होते. दादरच्या झंडू फार्मास्युटिकल वर्क्सने या बियांपासून सिद्ध केलेल्या 'एचपी-200' या कल्पाचा 60 रुग्णांवर 12 आठवडे झालेला अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि रुग्ण आधीच लेव्होडोपा घेत असल्यास मज्जारोगतज्ज्ञांशी विचारविनिमय केल्याविना कपिकच्छू देऊ नये. मात्रा अधिक होऊन अनैच्छिक हालचाली उद्भवू शकतात.

लालास्रावासह हातास कंप, लहान होत गेलेले अक्षर, मंद चाल वा जेवताना ठसका आहे काय, हे आवर्जून विचारावे. तोंड अकस्मात वाकडे झाले असेल वा बोलणे अडखळत असेल, तर अर्दित व पक्षाघाताची शंका घेऊन तत्काळ रुग्णालयात पाठवावे. तेथे औषधयोजनेत वेळ दवडणे रुग्णास परवडणारे नाही.