सिलिकोनची ज्वलनशीलता

सिलिकोनची ज्वलनशीलता म्हणजे सिलिकोन या कृत्रिम बहुवारिकांची पेट घेण्याची व जळत राहण्याची प्रवृत्ती होय. सिलिकोन मुळीच जळत नाही, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. पुरेशी उष्णता व ऑक्सिजन मिळाल्यास सिलिकोनही जळते. मात्र अनेक सेंद्रिय प्लॅस्टिकांच्या तुलनेत त्यातून उष्णता कमी वेगाने बाहेर पडते आणि जळताना त्याच्यावर सिलिकाचा थर तयार होतो. सिलिकॉन हे मूलद्रव्य व सिलिकोन हे बहुवारिक या दोन भिन्न गोष्टी आहेत.

रासायनिक रचना

सिलिकोनच्या रेणूचा कणा सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या एकाआड एक अणूंनी बनलेला असतो. प्रत्येक सिलिकॉन अणूला सेंद्रिय गट, बहुधा मिथिल गट, जोडलेले असतात. पॉलिडायमिथिलसिलोक्झेन हा सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार आहे. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडण्यास प्रतिमोल सुमारे ४५० किलोज्यूल, तर कार्बन-कार्बन बंध तोडण्यास सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते. रेणूतील इंधनाचा भाग मुख्यतः मिथिल गटांचा असतो. त्यामुळे पॉलिएथिलीनच्या एका ग्रॅममधून सुमारे ४६ किलोज्यूल उष्णता मिळते, तर या सिलिकोनमधून साधारण २५ ते २८ किलोज्यूल मिळते.

ज्वलनाची प्रक्रिया

ऑक्सिजन नसताना साधारण ३५० ते ४०० °से. तापमानाला सिलिकोनच्या साखळ्यांचे विघटन सुरू होते. साखळी स्वतःवरच वळते व तिच्यातून लहान वलयाकार रेणू सुटतात. हे रेणू बाष्पनशील असून आगीत त्यांचीच वाफ पेटते. हवेत मात्र मिथिल गटांचे ऑक्सिडीकरण होते, शेजारच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात व अखेरीस पांढरी सिलिका उरते. ज्योतीत तयार झालेली काही सिलिकाही पृष्ठभागावर साचते. हा थर आतील पदार्थापर्यंत उष्णता व ऑक्सिजन पोहोचण्यास अडथळा करतो.

जळणाऱ्या सिलिकोनमधून दर चौरस मीटरला साधारण ६० ते १५० किलोवॉट इतक्या दराने उष्णता बाहेर पडते. बाहेरील उष्णता वाढली तरी हा दर फारसा वाढत नाही. धुरात कार्बन डायॉक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, पाण्याची वाफ व सिलिकेचे सूक्ष्म कण असतात. पीव्हीसीप्रमाणे हायड्रोजन क्लोराइड वायू तयार होत नाही. तरीही हा धूर निरुपद्रवी नसतो.

द्रव सिलिकोन

द्रव सिलिकोनची ज्वलनशीलता साखळीच्या लांबीवर अवलंबून असते. ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते, त्यास प्रज्वलनांक म्हणतात. हेक्झामिथिलडायसिलोक्झेन या लहान रेणूच्या द्रवाचा प्रज्वलनांक ० °से.च्याही खाली असून तो अतिज्वलनशील आहे. लांब साखळ्यांच्या दाट तेलांचा प्रज्वलनांक ३०० °से.च्या आसपास असतो.

उपयोग

विषारी पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिलांना पर्याय म्हणून १९७० च्या दशकात विद्युत रोहित्रांत सिलिकोन तेल वापरले जाऊ लागले. खनिज तेल साधारण १७० °से.ला पेटून जळत राहू शकते. सिलिकोन तेलासाठी हे तापमान ३०० °से.पेक्षा अधिक असते. आगीतही चालू राहाव्या लागणाऱ्या विद्युतमंडलांच्या तारांवर सिलिकोन रबराचे आवरण वापरतात. ते जळाल्यावर उरणारी सिलिकेची राख विद्युतरोधक असते. मात्र ती ठिसूळ असल्याने रबरात विशेष भरणद्रव्ये मिसळतात. अत्यल्प प्रमाणातील प्लॅटिनम संयुगांनीही सिलिकोनचा अग्निरोध वाढतो.

धोके व अग्निशमन

काही सिलिकोनमध्ये हायड्रोजन अणू थेट सिलिकॉनला जोडलेला असतो. अशा द्रवाचा अल्कलीशी संपर्क आल्यास हायड्रोजन वायू सुटतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील वॉकीगन येथील सिलिकोन कारखान्यात ३ मे २०१९ रोजी विसंगत रसायने चुकून एकत्र आल्याने असाच वायू सुटून स्फोट झाला. त्यात चार कामगार मरण पावले. म्हणून अशा द्रवांच्या आगीवर सोडियम बायकार्बोनेटसारखी अल्कधर्मी कोरडी पूड वापरत नाहीत.

हे सुद्धा पहा

बहुवारिक
सिलिका
अग्निशमन
विद्युत रोहित्र