गुडघाभर पाण्यातील मासेमारी

नवरात्र आटोपले की लहान नद्यांचे गढूळ पाणी निवळू लागते. भुईमूग-सोयाबीन घरात येतो, शाळू पेरून होतो, आणि घरातील पोरे काठ्या घेऊन ओढ्याकडे पळू लागतात. वडील मंडळी त्यांना रिकामटेकडी म्हणतात. पण ज्या घरात आठवड्यातून एकदा बाजाराचा मासा आणणेही जमत नाही, त्या घरात गळाने आणलेले पाव-अर्धा किलो मासे म्हणजे पैसा न मोजता मिळालेले सकस अन्न होय. तेव्हा त्यांना रागावण्यापेक्षा हे काम नीट कसे करावे ते शिकवलेले बरे. त्यातच नदी राखण्याचेही शिक्षण आहे.

मोठ्या धरणात आणि तलावात बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांचा ठेका असतो. तेथे परवानगीशिवाय गळ टाकू नये. भोई समाजाची पोटे ज्या डोहावर चालतात, तेथेही आधी विचारून घ्यावे. आपण येथे बोलतो आहोत ते गावाजवळून वाहणाऱ्या, गुडघाभर नाहीतर कमरेइतक्या पाण्याच्या नदीविषयी. सातारा-कोल्हापूरकडच्या मांड, तारळी, कासारी यांसारख्या नद्या आणि त्यांना मिळणारे ओढे डोळ्यांपुढे आणा.

उथळ पाण्यात मासा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. वाहत्या पाण्यात तो प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, कारण खाणे वरूनच वाहत येते. पण भर प्रवाहात सारखे पोहत राहणे त्याला परवडत नाही. म्हणून मोठ्या धोंड्याच्या मागे, वळणावर काठ खचून झालेल्या खळगीत, पाण्यात पडलेल्या बाभळीच्या नाहीतर करंजाच्या फांद्यांत आणि वाळुंजाच्या मुळ्यांत तो आसरा धरतो. ऊन चढले की सावलीत सरकतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे बसवले की वरच्या बाजूला पाणी तुंबते आणि फटींतून खाली झिरपणाऱ्या पाण्याच्या आसपास लहान मासे गोळा होतात. बंधाऱ्याच्या अगदी तोंडाशी मात्र पोरांना उभे राहू देऊ नका. शेवाळलेल्या दगडावरून पाय कधी निसटेल सांगता येत नाही, आणि वर धरण असेल तर सोडलेले पाणी बघता बघता चढते. भोंगा ऐकू आला की काठी टाकून काठावर यायचे, हे पोरांना आधीच बजावून ठेवावे.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. मासा पाण्याबाहेरचे आपण समजतो त्यापेक्षा अधिक पाहतो, आणि पाण्यातली हालचाल त्याला अंगानेच समजते. माशाच्या कुशीवर डोक्याकडून शेपटीकडे गेलेली एक बारीक रेघ दिसते. पाण्याचा हादरा त्याला त्या रेघेतून कळतो. गोटे वाजवत, धपधप पाय टाकत गेलात तर तुम्ही पोचण्याआधी खळगी रिकामी झालेली असते. पाण्यावर आपली सावली पडणार नाही अशा बाजूने जावे, शक्यतो खालच्या अंगाने वर चढत जावे आणि बसून गळ टाकावा. गप्पा काठावर चालतात, पण पाय आपटणे चालत नाही.

सामान थोडेच लागते. दहा-बारा फूट लांबीचा, शेंड्याला लवचिक असा बांबू, जवळपास तेवढाच तंगूस, एक बारीक गळ आणि कडधान्याच्या दाण्याएवढे शिसे. दुकानात गळ नंबरावर मिळतो. नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे माहीत नसल्यामुळे लोक मोठा गळ घेऊन येतात आणि मग मासा नुसते आमिष कुरतडून नेतो. तरंगण्यासाठी ज्वारीच्या चिपाडाचा बोटभर तुकडा पुरतो. मोरपिसाचा दांडा मिळाला तर त्याहून उत्तम, कारण त्याला हलका झटकाही दिसतो. आमिष तळापासून वीतभर वर राहील असा चिपाडाचा तुकडा तंगुसावर सरकवून बांधावा.

आमिष म्हणून उकिरड्याजवळच्या ओल्या मातीतले गांडूळ सर्वांत चांगले. लागतील तेवढीच काढा, ओली माती घातलेल्या डब्यात ठेवा आणि उरतील ती पुन्हा खतात सोडा. शेतात ती आपलीच गडी आहेत. गांडूळ नको वाटत असेल तर कणीक, शेंगदाण्याच्या पेंडीचा भुगा आणि कापसाचे चार तंतू एकत्र मळावेत. कापसामुळे गोळी पाण्यात लवकर सुटत नाही. मरळीसाठी काही जण जिवंत बेडूक लावतात. तसे करू नका. शेतातले किडे खाणारा बेडूक अर्धा किलो मरळीपेक्षा आपल्याला अधिक उपयोगाचा आहे. मरळ नाकतोड्यालाही येते.

गळाला काय लागेल ते नदीवर अवलंबून आहे, पण आजकाल बहुतेक ठिकाणी पहिला मासा चिलापीच निघतो. हा मासा आपला नव्हे. मोझांबिककडचा, आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. तळ्यांत वाढवून लोकांना स्वस्त मासळी मिळावी हा हेतू. तो तळ्यांत राहिला नाही. कालवे, धरणे, नद्या आणि ओढे यांतून सगळीकडे पसरला. पुढे तिलापियाच्या आणखी जाती आल्या आणि शेततळ्यांतून त्याही नदीत उतरल्या. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या तज्ज्ञांनी जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांची यादी केली, तीत या मोझांबिकच्या चिलापीचे नाव आहे.

ती इतकी का फोफावते ते काठावर बसून तुम्हाला स्वतःच पाहता येईल. पाणी निवळले की कडेच्या उथळ भागात ताटलीएवढ्या गोल, स्वच्छ खळग्या दिसतात. त्या नराने तोंडाने आणि शेपटीने उकरलेल्या असतात. मादी तेथे अंडी घालते आणि लगेच ती तोंडात घेते. पिले निघाली तरी काही दिवस ती आईच्या तोंडाजवळच घोटाळतात, आणि धोका दिसला की पुन्हा तोंडात शिरतात. इतर माशांची अंडी वाहून जातात, कोणी खाऊन टाकते. चिलापीची आईच्या जबड्यात सुरक्षित राहतात. शिवाय काही महिन्यांतच ती अंड्यावर येते आणि वर्षातून अनेकदा पिले काढते. खायला तिला शेवाळ, किडे, दुसऱ्यांची अंडी असे काहीही चालते. अशा शेजाऱ्यापुढे वर्षातून एकदाच अंडी घालणारा आपला गरीब मासा कसा टिकणार?

म्हणून चिलापीच्या बाबतीत आमचे सांगणे सरळ आहे. लहान असो, मोठी असो, सापडली की घरी न्या. पुन्हा पाण्यात सोडू नका, आणि एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात किंवा गावच्या विहिरीत हौसेनेही टाकू नका. तिचे तोंड लहान आहे. ती आधी आमिषाला ठोकरते. तेव्हा चिपाड नुसते थरथरते. त्या वेळी हिसका दिलात तर गळ रिकामा येईल. चिपाड आडवे सरकू लागले किंवा बुडाले की मनगटाने हलकेच काठी उचला. हातात धरताना डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून पाठीचे काटे दाबून धरावेत.

आपल्या माशांचे तसे नाही. मरळ बाहेरची हवा घेण्यासाठी वरचेवर पाण्यावर येते, त्यामुळे ओढा आटत आला तरी ती डबक्यात तग धरते. पावसाच्या दिवसांत कधी पाण्यावर तांबूस पिलांचा पुंजका गोल गोल फिरताना दिसेल. त्याच्या खाली नर-मादी राखणीला असतात आणि काहीही जवळ आले की त्याच्यावर धावून जातात. त्यामुळे त्या वेळी मरळ धरणे अगदी सोपे, आणि तेच सर्वांत वाईट. राखणदार गेला की पिलांचा फडशा पडायला एक दुपारही लागत नाही. अशी मरळ दिसली तर गळ गुंडाळून दुसरीकडे जावे.

शिंगटी आणि वाम ही रात्रीची मंडळी. दिवसा वाम दगडांच्या कपारीत आणि मुळ्यांत दडून बसते. दिवस मावळला की तळाशी टाकलेल्या गांडुळाला येते. शिंगटीच्या पाठीवर एक आणि गालामागे दोन असे ताठ काटे असतात. तो काटा बोचला तर हात ठणकू लागतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरून ठेवला की ठणका कमी होतो. सूज वाढली तर डॉक्टरांना दाखवावे. पायाला जखम असेल तर मात्र पाण्यात उतरूच नये. लेप्टोसारखे आजार जखमेतून शिरतात.

महसीरला तर आता दैवानेच वाचवले म्हणायचे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यात पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महसीरही होता. त्या नदीची शहरातली आजची दशा आपण जाणताच. पण महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडीत आणि वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात देवाचे मासे म्हणून लोकांनी ते राखले आहेत. तेथे कोणी गळ टाकत नाही. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पिले तयार करून पाण्यात सोडण्याचे कामही झाले आहे. आपल्या गळाला महसीरचे पोर लागले तर ओल्या हाताने गळ काढून लगेच सोडून द्यावे. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग धरतो.

आता थोडे कडू बोलायचे आहे. मृगाचा पाऊस झाला की नदीतले मासे ओढ्यांतून, चरांतून वर चढतात. कोकणात याला वलगण म्हणतात, इतरत्र चढणीचे मासे. ते पोटात गाभोळी घेऊन अंडी घालायला निघालेले असतात. एका रात्री पाट्या भरून मासे निघतात आणि गावभर वाटले जातात. हौस आम्हालाही कळते. पण सगळी वाट अडवून, खालपासून वरपर्यंत सापळे लावले तर पुढच्या वर्षी चढायला उरणार कोण? निदान अर्धा ओढा मोकळा सोडावा, आणि पोट फुगलेली मादी हाती आली तर सोडून द्यावी. बियाण्याची ज्वारी आपण दुष्काळातही दळत नाही.

याहून वाईट म्हणजे पाण्यात औषध ओतणे. पिकावरचे कीटकनाशक डोहात टाकून मासे वर आणणारे लोक गावोगाव आहेत. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली, पण इतर औषधे मिळतातच. त्या पाण्यावर खाली दुसऱ्या गावची गुरे येतात, बायका धुणी धुतात, कोणी पितेही. ते मासे आपल्याच पोरांच्या ताटात जातात. मरते ते नुसते दोन किलो मासे नव्हेत. पिले, खेकडे, झिंगे, किडे असा अख्खा डोह मरतो. सुरुंग आणि विष यांनी मासे मारणे १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरवले होते, आणि आजही तो गुन्हाच आहे. खांबावर आकडा टाकून पाण्यात वीज सोडणारे तर स्वतःचाच जीव पणाला लावतात. ओल्या अंगाने, पाण्यात उभे राहून! अशाने घरचा कर्ता गेलेली घरे आहेत. गावात कोणी हे करत असेल तर गप्प बसू नका. ग्रामसभेत विषय काढा.

साखर कारखान्याची मळी पाण्यात आली की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तोंडे वर काढून तडफडतात. असे किंवा कसल्याही कारणाने मेलेले, तरंगणारे मासे फुकट मिळाले तरी घरी आणू नका.

गळाने आणलेल्या माशांचे काय करावे ते गृहिणींना सांगायला नको, तरी दोन गोष्टी सांगतो. वाम आणि शिंगटी यांना चुलीची राख चोळून धुतले की बुळबुळीतपणा जातो. चिलापीला चिखलाचा वास येतो. खवले आणि पोटातली काळी पापुद्र्याची कातडी पूर्ण काढून, मीठ-हळद आणि चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवावी, मग धुवून शिजवावी. बोटाएवढे बारीक मासे टाकून देऊ नयेत. ते साफ करून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर कडक भाजले की काट्यांसकट चावून खाता येतात, आणि त्या काट्यांतला चुना वाढत्या पोरांना व गरोदर बाईला हवाच असतो. अगदी लहान मुलांना मात्र मोठ्या माशाचे काटे काढूनच द्यावेत. निघताना काठावर तुटलेला तंगूस ठेवून येऊ नका. बगळ्याच्या पायाला आणि चरायला आलेल्या शेरडाच्या खुराला त्याचा फास बसतो.